गरमच खायचा पदार्थ

“पोहेच करू की,” आई म्हणाली. “आजवर या घरात बघायला आलेल्यांना पोहेच दिलेत.”

“आणि त्यातली किती स्थळं जमली?” मी विचारलं.

बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. केतकी, जिला बघायला दोन दिवसांनी पाहुणे येणार होते ती, त्या दिवसाची साडी नेसून बघत पिन लावता लावता हसायला लागली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं एक पोहेही असेल, कुणाला माहीत, असं म्हणाली. तीन स्थळं येऊन गेली होती तरी तिचं हसू काही आटलं नव्हतं. ती तिन्ही स्थळं कशामुळं गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. ती माझ्यामुळं गेली होती.

मी तिची थोरली बहीण, उज्ज्वला. लग्न करून पुण्याला गेले आणि तीन वर्षांनी पेटी उचलून वाईला परत आले. नवऱ्याचं दुसऱ्या एकीवर मन होतं, लग्नाच्या आधीपासून होतं, आणि त्याच्या आईबापांना ते माहीत होतं. म्हणजे यात माझी चूक कुठंच नव्हती. हे मला वकिलानं सांगितलं, आईनं सांगितलं, केतकीनं तर शंभरदा सांगितलं. मीही मान डोलवायचे. पण गल्लीतून चालताना माझी नजर आपोआप पायाकडं जायची आणि समोरून कुणी आलं की मी पर्समध्ये उगाच किल्ली शोधायला लागायचे.

आल्यावर मी पाचगणीला एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरच्या कॅफेत काम धरलं. सकाळच्या एसटीनं पसरणीचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. तिथं मुंबईपुण्याची माणसं ग्रिल्ड चीज सँडविच खायला यायची आणि ते माझ्याइतकं चांगलं तिथं कुणाला जमत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला स्वतःचा अभिमान होता. तेही मी स्वयंपाकघरात उभी राहून करायचे, बाहेर कोण खातंय ते मला दिसत नसे आणि त्यांना मी दिसत नसे. ती नोकरी मला आवडायची त्याचं निम्मं कारण हेच असावं.

तर पाहुण्यांसाठी सँडविच करायचं हा हट्ट माझा. पुण्याची माणसं आहेत, मुलगा कॉम्प्युटरमधला, पोहे खाऊन खाऊन कंटाळला असेल, असं मी पटवून दिलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्तमानपत्रातून डोकं वर काढून निकाल दिला, “उज्जू म्हणतीय तर होऊ दे.” अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी वाईच्या स्टँडवर गाड्या लावण्यात गेली. गाडी येणार नसेल तर ‘येईल हो इतक्यात’ असंही ते प्रवाशाला खोटं सांगत नसत, आणि त्यापायी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

या स्थळाच्या वेळीही तसंच झालं. मध्यस्थ होते सणसमामा. ते पंधरा दिवसांपूर्वी येऊन ओसरीवर बसले आणि आवाज खाली करून अण्णांना म्हणाले की, झाकली मूठ सव्वा लाखाची, थोरलीला तेवढा एक दिवस तिच्या मावशीकडं पाठवा. मी आत ताक घुसळत होते. अण्णांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

“मामा, माझी पोरगी कुठं जाणार नाही. उलट त्यांना आधीच सांगा, थोरली परत आलीय, घरी असते. चालत असेल तर या म्हणावं.”

सणसमामांनी कपाळाला हात लावला. आता हे लोक येत नाहीत, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. पण ते येतो म्हणाले. माझ्याबद्दल कळूनही येतो म्हणणारे हे पहिलेच. त्यात मुलाचं आणि केतकीचं फोनवर एकदा बोलून झालं होतं आणि फोन ठेवल्यावर केतकी बराच वेळ भिंतीकडं तोंड करून एकटीच हसत होती. यावेळी हे जमायला हवं होतं. निदान माझ्यामुळं मोडायला नको होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून मी तयारीला लागले. ढीगभर कांदे उभे चिरून लोण्यात अगदी मंद आचेवर ठेवले. हे कांदे घाईनं होत नाहीत. हलवत राहायचं, आधी ते पाणी सोडतात, मग मऊ होतात, मग तपकिरी. तेव्हा त्यात गुळाचा खडा आणि मिरपूड. पाचगणीहून चीज आणलं होतं ते किसून ठेवलं. तुतीचा जॅम मळ्यावरचाच, आंबटगोड आणि दाट. हिरव्या मिरचीचा ठेचा आईनं करून दिला. बेकरीतून न कापलेला पाव आणून जाड काप केले. एका कापाला जॅम, एकाला ठेच्याचं नुसतं बोट, मध्ये चीज, कांदा, पुन्हा चीज. बाहेरून लोणी लावायचं आणि बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून, झाकणावर पाण्याचं पातेलं वजनाला ठेवून सावकाश भाजायचं. आई ठेच्याशेजारी जॅम बघून म्हणाली की, हे म्हणजे श्रीखंडाला फोडणी दिल्यासारखं आहे. मी तिला एक तुकडा करून दिला. तिनं तो खाल्ला आणि दुसरा मागितला.

तीनच्या सुमारास ती हातात माझी मोरपंखी साडी घेऊन स्वयंपाकघरात आली. इस्त्री करून आणली होती.

“ही नेस आणि आमच्यात येऊन बस.”

“मला कसं जमेल? हा गरमच खायचा पदार्थ आहे. निवला की चीज रबरासारखं होतं. कुणीतरी तव्यापाशी पाहिजेच.”

“मग मी थांबते तव्यापाशी.”

“तुला उलटायला नाही जमणार. आणि नवऱ्या मुलीची आई आत थांबते का कुठं?”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग साडी खुर्चीच्या पाठीवर ठेवून म्हणाली, “तेवढं उरकलं की ये.” मी हो म्हटलं.

पाहुणे वेळेवर आले. यादव म्हणून होते, मूळ कऱ्हाडचे. आईवडील आणि मुलगा हर्षल, तिघंच. मी दाराच्या फटीतून एकदा बघून घेतलं आणि परत तव्याकडं आले. पंखा लावला होता, धूर ओढणारा. तो जुना झाला होता आणि गिरणीसारखा आवाज करायचा. बाहेरचं बोलणं नीट कळत नव्हतं, हसणं तेवढं ऐकू येत होतं. केतकी बशा न्यायला आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. सँडविच कसं करतात ते त्यांनी तिला विचारलं होतं, तिनं जॅम आणि ठेच्याचा क्रम चुकवला होता आणि हर्षलनं तो बरोबर करून सांगितला होता. त्याला स्वयंपाक येत होता. हे सांगताना तिला फार मोठं घबाड सापडलंय असं वाटत होतं.

“चल की बाहेर,” ती म्हणाली. “छान आहेत गं सगळे.”

“अजून दोन व्हायचीत. जा तू, निवतील.”

ती गेली. त्याच सुमारास बाहेर हर्षलच्या आईनं विचारलं होतं की, तुमची थोरली दिसत नाही, आणि अण्णांनी सांगितलं होतं की, आहे की घरातच, येईल आता. हे मला नंतर आईकडून कळलं. त्यावेळी मला फक्त पंखा ऐकू येत होता.

पाठीमागं चाहूल लागली म्हणून वळले तर हर्षलच्या आई दारात उभ्या. साधी सुती साडी, डोक्याला घट्ट अंबाडा, दोन्ही हातांची बोटं फाकवून समोर धरलेली. जॅम लागला होता. मी घाईनं पंखा बंद केला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. हात पुसता पुसता त्या तव्याकडं बघत होत्या.

“कांद्यात काय घातलंय?” त्यांनी विचारलं.

मी गूळ म्हटलं. त्या म्हणाल्या की, गोड म्हणावं तर तिखट लागतं, तिखट म्हणावं तर खारट, आणि तरी एकाच घासाला सगळं बरोबर लागतं. आमच्या यांनी तर दोन खाल्ली. मग त्या माझ्याकडं वळल्या. फार मायेनं बघत होत्या. त्यांनी नाक मुरडलं असतं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली असती, तर मी ताठ उभी राहिले असते. तशा नजरांची मला सवय होती. मायेची सवय राहिली नव्हती. माझ्या अंगावर घरातला विटका ड्रेस आणि वर कॅफेतला एप्रन होता.

“तुम्ही घरातल्याच ना?” त्यांनी विचारलं.

“मी स्वयंपाकाला येते,” मी म्हणाले.

कुणी मला हे शिकवलं नव्हतं. मी ते आधी ठरवलंही नव्हतं. पण इतकं चटकन आणि सहज निघालं की जणू कित्येक दिवस ते जिभेवरच बसून होतं.

“असं होय,” त्या म्हणाल्या. “आणि यांची थोरली मुलगी?”

“त्या गावाला गेल्यात. मावशीकडं.”

“आज?”

“झाले चार दिवस.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटल्यासारखं झालं. मला वाटलं, बरं झालं, आता हा विषय संपला. मी सँडविच उलटायला कालथा घेतला. त्या मात्र गेल्या नाहीत. पुढं येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“तुम्ही रोजच्या. तुम्हाला खरं माहीत असणार. ही धाकटी कशी आहे हो?”

“लाखात एक,” मी म्हटलं, आणि स्वयंपाकाला येते म्हटल्यापासून मी बोललेली ही पहिली खरी गोष्ट. “मनात एक ओठावर एक असं नाही तिचं. ज्या घरात जाईल तिथं हसूच घेऊन जाईल.”

“आणि थोरलीला नीट वागवतात का हे लोक?”

“वागवतात की.”

“मग मावशीकडं का पाठवलं तिला? आजच्या दिवशी?”

जळका वास आला म्हणून झाकण उचललं तर खालची बाजू काळी झाली होती. मी ते सँडविच ताटलीत काढलं, तोवर त्या निघून गेल्या होत्या.

पंखा बंद होता, त्यामुळं आता सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणत होत्या, “भाऊ, तुम्ही घरात आहे म्हणालात, आणि तुमच्या स्वयंपाकाच्या बाई म्हणतात थोरली मावशीकडं गेलीय. आम्ही कुणाचं खरं धरायचं?”

“स्वयंपाकाच्या कुठल्या बाई?” अण्णांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. मग त्यांनी हाक मारली, “उज्जू, जरा ये गं बाहेर.”

परसदार उघडं होतं. क्षणभर तिकडंही पाय वळले. पण अण्णांनी दुसऱ्यांदा हाक मारली आणि मी एप्रनसकट बाहेर जाऊन उभी राहिले.

“ही आमची थोरली,” अण्णा म्हणाले. “उज्ज्वला.”

हर्षलच्या आईनं माझ्या एप्रनकडं पाहिलं, मग अण्णांकडं, मग आईकडं. त्यांना जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं.

“आमच्या माहेरी असंच होतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट दमल्यासारखा होता. “माझी धाकटी बहीण परत आली होती. पाहुणे आले की तिला माडीवर बसवायचे. खोकला आला तर बिचारी तोंडात पदर कोंबायची. सणसांनी तुमचा निरोप दिला, की ते थोरलीचं आधीच सांगा म्हणालेत, तेव्हा मी यांना म्हटलं, बाकी काही बघू नका, या घरी जायचं. तुमच्या या मुलीमुळंच आम्ही आलो होतो. आणि तुम्ही तिला स्वयंपाकीण केलीत?”

“अहो ताई, आम्ही तर तिला साडी...” आई बोलायला लागली.

अण्णांनी हात वर केला, स्टँडवर गाडी थांबवायला करायचे तसा. आई थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते मला सांगत होते की कळलंय. मग त्यांनी यादवांकडं वळून हात जोडले.

“चुकलं आमचं,” ते म्हणाले. “आम्हीच म्हणालो होतो तिला, आतच थांब म्हणून. काय सांगायचं तेही आम्हीच सांगितलं होतं.”

केतकीनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. अण्णांना खोटं बोलताना आम्ही दोघींनी कधी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तिथंच उभी राहिले, हातातला कालथा एप्रनला पुसत.

यादव उठले. आम्ही कळवतो, असं म्हणाले, म्हणजे काय ते कळलंच. हर्षल दारापर्यंत जाऊन एकदा मागं वळला, त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्या आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो चपला घालायला लागला.

आमची गल्ली अरुंद. गाडी वळत नाही, उलटीच काढावी लागते. यादवांना ते जमेना. दोनदा गटाराशी चाक गेलं. तेव्हा अण्णा पायऱ्या उतरून गेले आणि गाडीच्या मागं उभे राहून त्यांना रस्ता दाखवायला लागले. येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं, बास. ज्या माणसांनी त्यांची घरात बसून लाज काढली त्यांची गाडी ते खरचटू न देता बाहेर काढून देत होते. मी उंबऱ्यात उभी होते. गाडी हळूहळू मागं जात होती, पुढच्या खिडकीची काच खाली होती आणि हर्षलच्या आई माझ्याकडंच बघत होत्या. दहा पावलं पुढं जाऊन सांगता आलं असतं, की या घरात माझी लाज कुणालाच वाटत नाही, ती मला एकटीलाच वाटते. पण ते सांगायचं म्हणजे तेच कबूल करायचं होतं, आणि माझ्याच्यानं ते झालं नाही. माझ्या बहिणीचं सुख आणि माझी झाकली मूठ यातली मूठ मी उघडली नाही. पुढं दोन वर्षांनी केतकीचं लग्न झालं, इस्लामपूरला, माणसं बरी मिळाली. लोक म्हणतात, जे होतं ते बऱ्यासाठी. म्हणोत बापडे. त्या दुपारी मला दोन वर्षांनंतरचं काही दिसत नव्हतं, आणि तरी मी गप्प बसले होते.

आत आले तर आई ओट्यापाशी उभी होती. ते जळकं सँडविच तिच्यासमोर होतं.

“पोहे आधी करून ठेवता येतात,” ती म्हणाली. “म्हणून सँडविचचा हट्ट होता होय तुझा?”

मी मान खाली घातली. मला स्वतःलाही ते तेव्हाच पुरतं कळलं. कॅफे, पुण्याची माणसं, कॉम्प्युटरमधला मुलगा, सगळं खरं होतं आणि सगळं निमित्त होतं. शेवटच्या घासापर्यंत कुणाला तरी आत ठेवणारा पदार्थ मी शोधून काढला होता. चव तर त्यानं उत्तम दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

अण्णा आले, पाय धुतले आणि जागेवर बसले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ते बोलतील, निदान ओरडतील. ते पंच्यानं पाय पुसत राहिले.

“तुम्ही असं का सांगितलंत?” मीच विचारलं.

“मग काय सांगू?” अण्णा म्हणाले. “माझ्या पोरीनं स्वतःच्याच घरात स्वतःला नोकर म्हणवून घेतलं, असं सांगू? त्यापेक्षा आम्ही वाईट ठरलेलं परवडलं.”

मी रडायला लागले. अण्णा उठले नाहीत, पण त्यांनी पंचा माझ्याकडं सरकवला.

केतकी खिडकीपाशी बसून साडीच्या पिना एकेक काढत होती. माझ्याकडं न बघताच बोलली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“मला आवडला होता तो,” ती म्हणाली. “आणि त्याची आई तर त्याहून जास्त.”

तिच्याजवळ जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही.